जिभेची बाधा

स्वार्टसे, ऑर्कनी
७ ऑक्टोबर १९३४

प्रिय निनियनदादा,

आत्याला सांग, तिनं विणून दिलेले मोजे मी एकावर एक दोन जोड घालते. इथला वारा दारातून येत नाही, भिंतीतून येतो. शाळा ठीक चालली आहे, किंवा गेल्या आठवड्यापर्यंत चालली होती. म्हणूनच हे पत्र. तू शब्दकोशाच्या कचेरीत दिवसभर जुन्या शब्दांच्या चिठ्ठ्या लावत बसतोस, तेव्हा एक शब्द तुला विचारायचा आहे. आधी काय झालं ते सांगते.

सुगी संपल्यावर इथे एका खळ्यात सगळ्या बेटाचं जेवण असतं. घरी गाळलेली बिअर, बॅनॉक म्हणजे जवाच्या जाड भाकऱ्या, मटणाचा रस्सा, शेवटी फिडल. माझ्या पहिल्या वर्गात इंगा कोरिगल नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. नेदरक्वॉय म्हणून शेत आहे, तिथल्या मॅग्नस आणि मेरनची ही एकुलती एक. ऑगस्टमध्ये आली तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हतं. आता चहाच्या डब्यावरचं, खताच्या पोत्यावरचं, मिळेल ते वाचते. त्या संध्याकाळी कुणीतरी तिला बाकावर उभं केलं आणि तिनं बिस्किटांच्या पेटीवरचा सगळा मजकूर एका दमात वाचून दाखवला. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "इतकी हुशार आणि इतकी गोड पोर मी आजवर पाहिली नाही. ही एडिंबराला शिकायला जाईल, बघा तुम्ही."

दादा, खळं गप्प झालं. फिडलवाल्यानं गज खाली घेतला. मेरननं मुलीला बाकावरून उतरवून शालीत गुंडाळलं आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू माझं पुढे काहीतरी बोलायचं राहिलं आहे. मग कुणीतरी खुर्ची सरकवली आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

दोन दिवसांनी इंगा शाळेत आली नाही. ताप आहे म्हणे. मी भेटायला गेले. मेरननं दार अर्धंच उघडलं. "बाई, आभारी आहे, पण आज नको," म्हणाली. तेवढ्यात आतून एका म्हातारीचा आवाज आला. बॉबी हार्कस, मेरनची शेजारीण. ती म्हणाली, "पोर फोरस्पोकन आहे. त्या बाईला उंबऱ्यात घेऊ नको."

फोरस्पोकन म्हणजे 'आधी बोललेली' असा मी अर्थ लावला. पण कुणी, काय, आधी बोललं? सहा वर्षांच्या पोरीचं लग्न तर ठरवलं नसेल ना यांनी? शुक्रवारी निम्मे बाक रिकामे होते. लवकर कळव.

तुझी,
इझोबेल


एडिंबरा
१५ ऑक्टोबर १९३४

प्रिय इझी,

तुझं पत्र मी कचेरीत उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं, मग डॉ. पिटकेर्नना नेऊन दाखवलं. आमचे मुख्य संपादक कुणाच्या पत्रासाठी चष्मा बदलत नाहीत. तुझ्यासाठी बदलला.

तुझा अर्थ चुकला, पण तो शहाण्यासारखा चुकला, कारण लिहिणारे लोकही तसेच चुकले आहेत. 'फोर' दोन आहेत. एक म्हणजे 'आधी', तो तुला माहीत आहे. दुसरा त्याहून वेगळा, आता जवळजवळ विसरलेला. तो ज्या क्रियापदापुढे बसतो त्याचं वाटोळं करतो. शपथ घेण्यापुढे बसला की शपथ मोडली जाते, हरवण्यापुढे बसला की माणूस कायमचा हरवतो. तोच 'बोलण्या'पुढे बसला की बोलून बाधा करणं. आणि शिव्याशाप देऊन नव्हे, कौतुक करून. एखाद्या मुलाची, गाईची, होडीची भरभरून स्तुती करायची आणि शेवटी 'देव राखो' म्हणायचं विसरायचं. झालं, ते फोरस्पोकन. डोळ्यानं लागते ती दृष्ट, ही जिभेनं लागलेली. सोळाशेच्या आसपास ऑर्कनीत ज्या बायांवर चेटकिणी म्हणून खटले चालले, त्यांच्या कागदांत हा शब्द जागोजागी आहे. त्यानंतरचे दाखले तुरळक, आणि तेही पुस्तकातून पुस्तकात उतरवलेले. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला आमच्याकडे एकही नाही. आणि तू तो दाराआडून ऐकलास.

आता नीट आठवून लिही. 'स्पो' लांब होता की आखूड? म्हातारीचं वय काय, तिची आई कुठल्या बेटाची? आणि बाधा उतरवायला एक पाणी देतात, त्याबद्दल कुणी काही बोललं का? मंतरलेलं पाणी. त्यावर म्हणायचे शब्द कुणीच लिहून ठेवलेले नाहीत. ते मिळाले तर डॉ. पिटकेर्न खुर्चीतून उठून नाचतील, आणि ते दृश्य मला बघायचं आहे.

त्या मुलीला लवकर बरं वाटो. आई म्हणते मोजे तिसरा जोडही पाठवते.

तुझा,
निनियनदादा


स्वार्टसे
२४ ऑक्टोबर १९३४

दादा,

म्हातारीच्या आईचं बेट मी विचारलेलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकटीच वर्गात होते. तीन वेळा वाचलं. आतापर्यंत मला वाटत होतं की हे लोक लाजरे आहेत, नवीन माणसाला बिचकतात. आता कळलं की खळ्यात मेरन माझ्याकडे पाहत होती ती त्या दोन शब्दांची वाट बघत होती. देव राखो. एवढंच म्हणायचं होतं. मला कुणी सांगितलं असतं तर मी दहा वेळा म्हटलं असतं.

इंगाचा ताप उतरलेला नाही. घसा एका बाजूनं सुजला आहे, मान वाकडी धरते, गिळताना कळवळते. डॉक्टर शेजारच्या मोठ्या बेटावर राहतो. मधली खाडी चार मैलांची, पण गेले कित्येक दिवस तिथे होडी घालण्यासारखं पाणी नाही. टपालाची बोट बेटाच्या दुसऱ्या बाजूला, जमेल तेव्हा लागते, पण ती डॉक्टरच्या बेटावर थांबत नाही. मॅग्नस रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उभा राहतो आणि परत येतो. काल मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

मी म्हणाले, "मॅग्नस, माझ्यामुळे झालं असं तुम्हाला वाटतं का?"

त्यानं लाटांवरून नजर काढली नाही. "बाई, मला वाटून काय होणार आहे. वारा पडायला पाहिजे."

"पण मेरनला वाटतं."

"मेरन तिची आई आहे," एवढंच म्हणाला.

कुणी मला वाकडं बोलत नाही, दादा. तेच मला सहन होत नाही. पूर्वी मुलं दूध घेऊन आत यायची आणि टेबलावर ठेवायची. आता कुंपणाच्या भिंतीवर ठेवून पळतात. अंडी तशीच येतात, इंधनाला वाळलेलं पीट तसंच येतं, फक्त माणूस येत नाही. वर्गात जे थोडे येतात त्यांची पाटी बघताना मी जीभ दाताखाली धरते. परवा जेम्स ड्रेव्हरनं बेरीज बरोबर केली. मी 'छान' म्हणाले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तेव्हापासून मी फक्त मान हलवते.

मी एका पाद्र्याच्या घरात वाढले, रसायनशास्त्राची परीक्षा दिली, आणि तरी झोप लागत नाही. या वर्षात मी कुणाकुणाला चांगलं म्हणाले ते आठवत पडते. तुझ्या पुस्तकांत उतारा काय लिहिला आहे तो सांग. हसू नकोस. आणि डॉ. पिटकेर्नना दाखवू नकोस.

इझोबेल


एडिंबरा
१ नोव्हेंबर १९३४

प्रिय इझी,

मी हसलो नाही. पहिल्या पत्रात मी जरा वाहवलो, ते आईनं मला जेवताना ऐकवलं.

सरळ सांगतो. कौतुकानं कुणाचा घसा सुजत नाही. तुला हे माहीत आहे, पण एकटं राहिलं की माहीत असलेलंही माणसाला पुरत नाही. म्हणून मी लिहून देतो, उशाशी ठेव.

उताऱ्याबद्दल आमच्याकडे आहे ते एवढंच. पाणी वाहत्या झऱ्यातून उजाडता किंवा मावळता आणायचं. आणणाऱ्यानं वाटेत एक अक्षर बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही. बोललं की पाणी वाया. मग जाणती बाई त्यावर शब्द म्हणते, थोडं आजाऱ्याला पाजतात, थोडं अंगावर शिंपडतात. म्हणण्याचे शब्द ठाऊक नाहीत. बॉबी हार्कसला ते येत असतील अशी मला दाट शंका आहे. तिच्याशी मैत्री ठेव, विचारू मात्र नकोस, आपणहून बोलली तर लक्षात ठेव. खात्री करून घेण्याची आमची पद्धत असते, त्या दृष्टीनं मीही इथून थोडी हालचाल केली आहे. तुला त्रास होणार नाही.

वारा पडला की डॉक्टर पोचेल. तोवर मुलीला वाफ द्यायला सांग, असं खालच्या मजल्यावरचा औषधवाला म्हणतो.

तुझा,
निनियनदादा


स्वार्टसे
९ नोव्हेंबर १९३४

निनियन,

आज 'दादा' लिहिणार नाही. का ते पुढे येईलच. आधी सगळं क्रमानं लिहिते, कारण मॅग्नस आणि दोघंजण होडी काढत आहेत आणि टपालाची पिशवी तीच घेऊन जाणार आहे.

परवा दुपारी मेरन शाळेत आली. मुलं गेली होती. तिच्या हातात दुधाची झाकणाची कासंडी होती. ती बाकावर बसली नाही.

"बाई, तुम्हाला एक मागायचं आहे. नाही म्हणालात तर मी राग धरणार नाही."

मी म्हणाले, "सांग."

"बॉबी म्हणते पाणी तुम्हीच आणलं पाहिजे. ज्या तोंडातून कौतुक गेलं त्याच तोंडानं गप्प राहून आणलं पाहिजे. उद्या उजाडताना. वरच्या झऱ्यातून आमच्या दारापर्यंत."

"मेरन, तिला डॉक्टर पाहिजे. तिच्या घशात गळू असणार."

"मला माहीत आहे डॉक्टर पाहिजे. मी वेडी नाही, बाई. डॉक्टर त्या पाण्यापलीकडे आहे आणि माझी पोर या पाण्याअलीकडे आहे." मग तिचा आवाज फुटला. "ती काल वाचायला मागत होती. बोलता येत नाही, तर बोट दाखवत होती. खताचं पोतं दाखवत होती."

मी कासंडी घेतली. मानत होते म्हणून नाही, निनियन. त्या बाईसाठी मला करता येईल असं दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि झोप न झालेल्या डोक्याच्या एका कोपऱ्यात मी मानतही होते. दोन्ही खरं आहे.

काल उजाडताना निघाले. झरा टेकडीवर, नेदरक्वॉय खाली समुद्राजवळ, आणि वाट चर्चच्या दारावरून. कासंडी भरली आणि चालू लागले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. घरांच्या खिडक्यांत माणसं होती. कुणी पडदा हलवला नाही, पण मला कळत होतं की सगळं बेट जागं आहे आणि माझ्या तोंडाकडे बघतं आहे.

चर्चच्या भिंतीशी पाद्री हॅडो उभे होते. टोपीशिवाय, कोट कसातरी अडकवलेला. माझी वाटच बघत असावेत.

"मिस किनियर, इतक्या पहाटे? कासंडीत काय आहे?"

मी चालत राहिले. ते माझ्या बरोबरीनं चालू लागले.

"मला एडिंबराहून तुमच्या बंधूंचं पत्र आलं आहे. शब्दकोशवाले. ते विचारतात, आपल्या बेटावर फोरस्पोकन हा शब्द आणि त्याचं पाणी अजून चालतं का. त्यांच्या बहिणीनं ऐकलं म्हणे. मी विश्वास ठेवला नव्हता. मला वाटलं, पाद्र्याची मुलगी आहे, सुशिक्षित आहे. फक्त सांगा की हे गाईचं दूध आहे. मी घरी जातो."

मी झाकणावर हात दाबून धरला. एकच शब्द पुरला असता. 'दूध.' नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं. आणि मागे खिडक्यांत सगळ्यांनी मला बोलताना बघितलं असतं.

"मिस किनियर, मी शाळा समितीचा अध्यक्ष आहे. तुमच्या गप्प राहण्याचा मी काय अर्थ घ्यायचा?"

ते चर्चच्या फाटकापर्यंत आले आणि थांबले. मी पुढे गेले.

नेदरक्वॉयचं दार सताड उघडं होतं. बॉबीनं पाणी एका वाडग्यात ओतलं आणि त्यावर वाकून काही म्हणाली. मी हाताच्या अंतरावर होते. मी ते शब्द ऐकले. नीट ऐकले, सगळे. तुला मी ते कधीही सांगणार नाही.

मग तिनं इंगाला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी घातलं. पोर गिळायला गेली आणि ठसका लागला, असा की ती निळी पडली. मेरन किंचाळली. बॉबीनं पोरीला झटकन पालथी केली आणि पाठीत थापट्या मारल्या. तोंडातून पू आणि रक्त आलं, खूप आलं. मग इंगा रडली. कित्येक दिवसांनी आवाज काढून रडली आणि रडता रडता झोपली.

ती बरी होते आहे की संपते आहे ते मला कळत नाही. ताप आज सकाळी पुन्हा चढला आहे. वारा जरा पडला म्हणून होडी चालली आहे. हाका मारत आहेत.

तू पाद्र्यांना माझ्या नावानं लिहिलंस. मला न विचारता.

इझोबेल


एडिंबरा
१४ नोव्हेंबर १९३४

इझी,

मुलगी कशी आहे ते आधी कळव. बाकी काही लिहू नकोस, तेवढंच कळव. तारेचा खर्च मी देतो.

पाद्र्यांना पत्र लिहिलं ते खरं. आमची छापील प्रश्नपत्रिका असते, ती सगळ्या गावच्या पाद्र्यांना जाते. पण खाली 'माझी मामेबहीण तिथे शिक्षिका आहे, तिनं ऐकलं' हे मी हातानं लिहिलं. मला वाटलं तुझ्या नावानं ते आपुलकीनं उत्तर देतील. मी शब्दाकडे बघत होतो, इझी, माणसं मला दिसलीच नाहीत. मी तुझ्या जागी असतो तर 'दूध' म्हणालो असतो. पुन्हा पुन्हा वाचतो आणि प्रत्येक वेळी मीच 'दूध' म्हणतो.

निनियन


एडिंबरा
२७ नोव्हेंबर १९३४

इझी,

तुझं पत्र नाही, तार नाही. वर्तमानपत्रात उत्तरेकडची वादळं आणि बंद पडलेल्या बोटी यांच्या बातम्या वाचतो. आई माझ्याशी कामापुरतं बोलते.

आज पाद्री हॅडो यांचं पत्र आलं. मुलीचा त्यात एका अक्षरानं उल्लेख नाही. ते लिहितात की त्यांनी चर्चच्या पंचांसमोर चौकशी केली, बॉबी हार्कसला आणि प्रत्येक घराला बोलावलं, आणि 'आपण विचारता तो शब्द किंवा चाल माझ्या बेटावर कुणाच्याही ऐकिवात नाही.' शेवटच्या ओळीत आहे की शिक्षिकेबद्दलचा निर्णय शाळा समिती महिनाअखेर घेईल.

मला समजत नाही. त्यांनी स्वतः तुला कासंडी घेऊन जाताना पाहिलं. मग असं का लिहितात? आणि मुलगी? तू गप्प आहेस म्हणजे वाईट झालं असंच माझं मन घेतं. १४ डिसेंबरच्या शुक्रवारी सुटणाऱ्या बोटीचं तिकीट काढायचं ठरवलं आहे. मला लीथच्या बंदरात बांधलेल्या बोटीवरसुद्धा मळमळतं, तुला माहीत आहे. तरी येतो. तू नको म्हणेपर्यंत येतोच.

निनियन


स्वार्टसे
५ डिसेंबर १९३४

दादा,

हे पत्र तुला वेळेवर मिळालं तर येऊ नकोस. आलास तर कुणी तुला दार उघडणार नाही, आणि उघडलं तर तुझ्यासमोर एक शब्द बोलणार नाही.

इंगा आहे. हे आधीच्या होडीनं कळवायचं होतं, पण ती होडी आलीच नाही. मॅग्नस डॉक्टरला घेऊन आला तेव्हा तो म्हणाला, घशातलं गळू फुटलं, एका दिवसाचा उशीर झाला असता तर पोर गुदमरली असती. मग विचारलं, "गिळायला काय दिलं होतं तिला?" मेरन म्हणाली, "पाणी." डॉक्टर म्हणाला, "कुणी दिलं?" मेरन म्हणाली, "मी दिलं, तहान लागली होती." त्यानं औषध दिलं. त्यानंतरही आठ-दहा दिवस ताप चढउतार होत राहिला, तेवढे दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. परवापासून ती बसते. एका कानानं कमी ऐकू येतं. ते तसंच राहील म्हणे.

आता पंचांची गोष्ट. चर्चच्या मागच्या खोलीत पाद्री टेबलाशी बसले आणि एकेकाला बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. आधी फिडलवाला गेला.

"फोरस्पोकन हा शब्द ठाऊक आहे?"

"नाही साहेब. पोर्तुगीज आहे का?"

ड्रेव्हरची बायको म्हणाली, ती असा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकते. मॅग्नस, जो या पंचांपैकीच एक आहे, म्हणाला, "आमच्या घरात असलं काही नाही." बॉबी शेवटी गेली. ऐंशीची आहे, काठी टेकत गेली.

पाद्री म्हणाले, "बॉबी, देवासमोर सांग."

ती म्हणाली, "देवासमोर बसलेय म्हणूनच सांगते, पाद्रीबुवा. मला शब्दबिब्द येत नाहीत. मी अडाणी बाई. पोरीला ठसका लागला, मी पाठीत मारलं."

"आणि मिस किनियरनं पाणी का आणलं?"

"आमच्या विहिरीला खारट चव येते. बाई मायेच्या आहेत."

मग मला बोलावलं. मी तुझं पहिलं पत्र आठवत आत गेले. दोन 'फोर', चेटकिणींचे खटले, सगळं. पाद्री थकलेले दिसत होते. माणूस दुष्ट नाही, दादा. त्यांची स्वतःची मुलगी इथे आल्या वर्षी गेली, न्यूमोनियानं. त्या वेळी कुणी पाणी आणलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही बंधूंना लिहिलंत की हा शब्द ऐकला. ऐकलात का?"

बाहेर सगळे उभे होते.

मी म्हणाले, "माझी ऐकण्यात चूक झाली. वारा होता."

त्यांनी लेखणी उचलून तुला ते पत्र लिहिलं. त्यांना खरं माहीत आहे. पण एवढ्या तोंडांविरुद्ध एकट्यानं काय लिहायचं, किंवा मला घालवणं त्यांनाही नको होतं. शुक्रवारी समितीनं मला ठेवलं. मतं मोजली नाहीत. मॅग्नस म्हणाला, "दुसरी बाई शोधायला जाणार कोण या हवेत?" आणि सगळे उठले.

आज सकाळी दूध आत आलं. जेम्स ड्रेव्हरनं ते टेबलावर ठेवलं, कपाळावरचं पाणी पुसलं आणि उभा राहिला. मी त्याला बस म्हणाले.

आता तुला एक मागते. मेरननं माझ्याकडे मागितलं होतं तसंच, तू नाही म्हणालास तर राग धरणार नाही. तुमच्या कोशात त्या शब्दापुढे लिही की तो आता कुणी वापरत नाही. अर्थ लिही, उगम लिही, खटल्यांचे कागद लिही. पण स्वार्टसे लिहू नकोस, १९३४ लिहू नकोस, माझं नाव लिहू नकोस. तो जिवंत आहे असं छापून आलं की पुढच्या उन्हाळ्यात वह्या घेतलेले लोक होडीतून उतरतील आणि बॉबीच्या दारात उभे राहतील. आणि पाद्र्यांना मग गप्प बसता येणार नाही.

तुझी,
इझोबेल


एडिंबरा
४ जानेवारी १९३५

प्रिय इझी,

तुझं पत्र १३ तारखेला, गुरुवारी मिळालं, बोटीच्या आदल्या दिवशी. तिकीट परत केलं. पत्र आईला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकटी बसली, आणि मग माझ्याशी बोलायला लागली.

तुझी मागणी मी तीन आठवडे खिशात घेऊन फिरलो. सतरा वर्षं हे काम करतो. आळसानं चुका केल्या असतील, पण जाणूनबुजून खोटी नोंद एकही नाही. एखादा शब्द जिवंत असताना त्याला मेला म्हणायचं म्हणजे काय, हे तुला मी समजावून सांगू शकणार नाही. रात्री वाटायचं लिहू नये, सकाळी वाटायचं लिहावं. कधी उलटही व्हायचं.

आज डॉ. पिटकेर्ननी त्या अक्षराची पेटी मागवली. मी पुढे जाऊन उभा राहिलो.

"ऑर्कनीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पाद्र्यांचं पत्र आलं. त्या बेटावर हा शब्द कुणाच्या ऐकिवात नाही."

"पण तुझ्या बहिणीनं ऐकला होता ना?"

"ऐकण्यात चूक झाली, असं कळवलंय तिनं."

त्यांनी चष्मा बदलला आणि माझ्याकडे बघितलं. ते सत्तरीचे आहेत, ॲबरडीनकडच्या कोळ्यांच्या घरातले. मला वाटलं आता ते पुढचा प्रश्न विचारतील आणि मी सगळं सांगून टाकीन. ते म्हणाले, "वारा असेल." मग पेटी माझ्याकडे सरकवली. "तूच लिही."

मी लिहिलं. अर्थ, दोन 'फोर', खटल्यांचे दाखले सनांसकट. आणि शेवटी, 'सध्या प्रचारात नाही.' बोटाला शाई लागली, ती अजून आहे. बॉबीनं म्हटलेले शब्द तू कधी सांगू नकोस. मी विचारणारही नाही.

जेवताना आईनं विचारलं, "ती इंगा दिसायला कशी आहे रे? इझोबेलनं काही लिहिलंय का?"

तू पहिल्या पत्रात लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं.

"मुलीसारखी मुलगी आहे," मी म्हणालो. "सूप वाढ."

तुझा,
निनियनदादा